भाग किती आहेत?

मालिका परदेशात विकणं हा पोटापाण्याचा धंदा असू शकतो, हे आमच्या नात्यागोत्यात कोणालाच धड पटलं नव्हतं. "अगं, पण ती माणसं आपल्या मालिका बघतातच कशाला? त्यांच्याकडे त्यांच्या नाहीत का?" असं माझ्या मामी दर दिवाळीला विचारायच्या. प्रश्न भाबडा वाटायचा, म्हणून मी हसून सोडून द्यायचे. धंद्यात मुरत गेले तसं कळलं, की आमच्या सगळ्या विक्रीच्या मुळाशी हाच एक प्रश्न आहे. काही देशांचा निम्मा दिवस बाहेरच्या कार्यक्रमांवर निघतो, काही देश बाहेरचं जवळपास घेतच नाहीत. असं का?

मी मुंबईत अंधेरीच्या एका कंपनीत होते. हिंदी दैनंदिन मालिकांचे परदेशातले हक्क विकणं हे आमच्या विभागाचं काम. सुरुवात टेप-लायब्ररीत झाली. डिजिबीटाच्या निळ्या कॅसेटांवर लेबलं चिकटवायची, भाग सलग आहेत ना ते तपासायचं, कुरिअरची पावती फाइलला लावायची. पुढे करारांचे कागद हाती आले आणि मग विक्रीच्या टेबलावर बसायला मिळालं. हे टेबल वर्षातून काही वेळा परदेशी लागायचं. ऑक्टोबरात फ्रान्समधल्या कान शहरात मिपकॉम हा कार्यक्रमांच्या खरेदी-विक्रीचा बाजार भरतो, डिसेंबरात सिंगापूरला एशिया टीव्ही फोरम. कानला सिनेमाचा महोत्सव ज्या इमारतीत होतो, त्याच इमारतीत हा बाजारही भरायचा. लाल गालिचा नाही, नट्या नाहीत; गळ्यात ओळखपत्र अडकवून, चाकांची बॅग ओढत, दर अर्ध्या तासाला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे पळणारी माणसं.

समोर येऊन बसणारा खरेदीदार कुठल्याही देशाचा असो, त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असायचा: भाग किती आहेत? मग मालिका संपलेली आहे की चालू, मग दर. नायिका कोण, तिच्यावर अन्याय काय झाला, तो दूर कसा होतो, हे सगळं नंतर, वेळ उरला तर. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'चे अठराशेच्या वर आणि 'बालिका वधू'चे दोन हजारांच्या वर भाग झाले. आपल्याकडे या लांबीची टिंगल व्हायची, बाजारात मात्र याच लांबीला भाव होता. युरोपातली आठ भागांची नेटकी, बक्षीसपात्र मालिका घेतली तर खरेदीदाराचे दोन आठवडेही भरत नाहीत. आमची एक मालिका त्याची संध्याकाळ दोन-दोन वर्षं सांभाळायची.

कारण सरळ आहे. वर्षाचे तास ८,७६०. चोवीस तास वाहिनी चालवायची तर ते भरावेच लागतात, मग देश अमेरिकेएवढा असो की आइसलँडएवढा. घड्याळ सगळ्यांना सारखंच मिळालेलं आहे, गिऱ्हाईक मात्र सारखं नाही. आइसलँडची लोकसंख्या आजही चार लाखांच्या आत आहे. तिथली सरकारी दूरचित्रवाणी १९६६ साली सुरू झाली आणि १९८७ पर्यंत गुरुवारी ती चक्क बंद असायची. जुलै महिन्यात तर बराच काळ पूर्ण सुट्टी. जेवढं पेलवतं तेवढंच दाखवायचं, असा तो हिशोब होता. ज्या दिवशी एखादा देश आठवड्याचे सातही दिवस पडदा उघडा ठेवायचं ठरवतो, त्या दिवशी बाहेरून माल आणायचं तो न बोलता ठरवून मोकळा होतो.

आता विकणाऱ्याची बाजू. मालिकेचा खर्च सेट, कलाकार, लेखक, दिवसाला दोन-दोन युनिटं, यांत होतो, आणि तो खर्च घरच्या जाहिरातींतून निघालेला असतो. त्यानंतर तीच मालिका दुसऱ्या देशाला द्यायची तर लागते एक प्रत आणि एक करार. हजार पानांच्या पंगतीत आणखी एक पान वाढायला आचाऱ्याला फारसं काही लागत नाही, तसंच हे. म्हणून या धंद्यात मालाला ठरलेली किंमत नसते. किंमत असते ती समोरच्या देशाला, त्याच्या ऐपतीला. एकाच अमेरिकन मालिकेच्या एका तासाला मोठ्या युरोपीय देशात लाखभर डॉलर मिळू शकतात आणि एखाद्या छोट्या आफ्रिकी देशात काहीशे. त्या छोट्या देशात एकच वाहिनी असेल तर बोली लावणारा दुसरा कोणी नसल्यानं दर आणखी पडतो. त्या काहीशे डॉलरांत तिथला निर्माता तासभराचं नाटक उभं करू शकत नाही. एका दिवसाचं जनरेटरचं भाडंही त्यातून सुटेल की नाही शंका. अमुक देशाला परदेशी कार्यक्रमांचं वेड आहे, असं वर्तमानपत्रांत वाचलं की मला त्या खरेदी अधिकाऱ्याचं कोष्टक आठवायचं. वेडाचा रकाना त्यात कुठेच नसायचा.

हा असमतोल पहिल्यांदा मोजला तो फिनलंडमधल्या दोन अभ्यासकांनी. कार्ले नॉर्डेनस्ट्रेंग आणि तापियो वारिस यांचा युनेस्कोसाठीचा अहवाल १९७४ साली आला. दूरचित्रवाणीची वाहतूक एकाच दिशेनं चालते का, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. वारिस यांनी १९८३ साली पुन्हा मोजणी केली तेव्हा जगभरात सरासरी एक तृतीयांश वेळ परदेशी कार्यक्रमांनी व्यापलेला निघाला. अमेरिकेत तो दोन टक्क्यांच्या आसपास होता. त्या काळात यावर सांस्कृतिक साम्राज्यवादाची मोठी चर्चा झाली. मला मात्र त्या दोन टक्क्यांत आधी एक भरपूर मोठा आणि श्रीमंत घरचा बाजार दिसतो. इतक्या पैसेवाल्या प्रेक्षकांसाठी सगळं घरीच बनवणं अमेरिकेला परवडतं. बाहेरची कल्पना आवडली तर ते टेप घेत नाहीत, कल्पनेचे हक्क घेऊन आपली माणसं घालून नव्यानं बनवतात. ब्रिटिश 'टिल डेथ अस डू पार्ट'वरून १९७१ साली त्यांनी 'ऑल इन द फॅमिली' केली ती अशीच.

पण छोटे आणि गरीब देशच आयात करतात, असंही नाही. आमच्या विभागाचे प्रमुख नव्या मुलांना इटलीची गोष्ट सांगायचे. १९७६ साली तिथल्या घटना न्यायालयानं स्थानिक पातळीवर खाजगी प्रक्षेपणाला मोकळीक दिली. बघता बघता शेकडो स्थानकं उभी राहिली. स्टुडिओ, लेखक, नट मात्र एका रात्रीत शेकड्यांनी वाढत नाहीत. मग रिकामे तास भरले अमेरिकन मालिकांनी, लॅटिन अमेरिकेतल्या टेलिनोव्हेलांनी आणि जपानी कार्टूननी. इटलीतली एक अख्खी पिढी जपानी यंत्रमानवांवर वाढली आणि बर्लुस्कोनींच्या वाहिन्या आयात मालावर मोठ्या झाल्या. जर्मनीतही तेच. १९८४ साली खाजगी वाहिन्या सुरू झाल्या आणि हॉलीवूडचे हक्क आधीच गठ्ठ्यानं घेऊन ठेवलेल्या लिओ किर्श यांच्यासारख्या व्यापाऱ्याचे दिवस पालटले. "देश श्रीमंत की गरीब ते नंतर बघा," सर म्हणायचे, "तिथे नवे परवाने कधी निघतायत ते आधी बघा. परवाने निघाले की वर्षभरात फोन येतो." आणि यायचाच.

तास आणि पैसा यांच्यानंतरची तिसरी गोष्ट म्हणजे भाषा, आणि तिचा परिणाम लोकांना वाटतो त्याच्या उलट होतो. न्यूझीलंड सुखवस्तू देश आहे, शिकलेला आहे, तरी त्याच्या पडद्यावर बाहेरचे कार्यक्रम कायम भरपूर राहिले. पन्नास लाखांच्या आसपास वस्ती, आणि बोली इंग्रजी. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या तिन्हींचा माल तिथे जसाच्या तसा चालतो, डबिंगचा खर्च शून्य. स्वतःची दैनंदिन मालिका, 'शॉर्टलंड स्ट्रीट', त्यांना १९९२ साली उभी करता आली. कॅनडाचं उदाहरण तर याहून बोलकं. देश एक, कायदा एक, स्थानिक कार्यक्रमांची सक्तीही एक. तरी इंग्रजी बोलणारा कॅनडा संध्याकाळी अमेरिकन मालिकांत रमतो आणि फ्रेंच बोलणारा क्वेबेक स्वतःच्या मालिका डोक्यावर घेतो. क्वेबेकच्या माणसाचं देशप्रेम जास्त आहे म्हणून नव्हे. शेजारच्या अवाढव्य कारखान्यातला माल त्याच्या भाषेत तयार होत नाही, म्हणून तिथल्या निर्मात्याला श्वास घ्यायला जागा मिळते.

हे उमगलं तेव्हा मला पहिल्यांदा आपल्या घराकडे नीट बघता आलं. तमिळमध्ये सन टीव्ही १९९३ साली आला, मराठीत अल्फा मराठी १९९९ साली. तमिळ घरात हिंदी मालिका सहज शिरत नाही. मराठी घरात शिरायला तिला काहीच अडत नाही, कारण आपल्याला हिंदी कळतं आणि कळतं याचं आपल्याला कौतुकही आहे. 'हम लोग', 'बुनियाद', 'रामायण' आपण हिंदीतच बघितलं आणि ते बाहेरचं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. जमाखर्चाच्या भाषेत मात्र मराठी प्रेक्षक कित्येक वर्षं आयात मालावरच होता. फरक इतकाच, की माल याच देशातला होता आणि आमच्याच अंधेरीत बनत होता.

आतापर्यंतचा हिशोब आयात किती होईल याचा. ती कोणाकडून होईल हे ठरवणारी गोष्ट निराळी असते, आणि तिथे आमच्या मालिकांचं नशीब उघडायचं. हॉस्किन्स आणि मायरस या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९८८ साली मांडलं, की कार्यक्रम परक्या मुलखात गेला की त्याचं मोल काही अंशी घटतं. तिथल्या माणसाला त्यातले संदर्भ, थट्टा, वागण्याच्या रीती पूर्ण पोहोचत नाहीत. तीनेक वर्षांनी जोसेफ स्ट्राउबहार यांनी ब्राझीलसारख्या देशांकडे बघून पुढची गोष्ट सांगितली: स्वतःचं मिळालं तर लोक स्वतःचंच बघतात, नाही मिळालं तर आपल्यासारख्यांचं. आमच्या टेबलावर याचं प्रात्यक्षिक रोज व्हायचं. उत्तर युरोपचे खरेदीदार आमच्या स्टॉलसमोरून नम्रपणे हसून पुढे जायचे. मध्य आशिया, अरब देश, आफ्रिका, आग्नेय आशिया इथले बसायचे. एका घरात तीन पिढ्या राहतात, सून सासूला उलट बोलत नाही, लग्न हा सगळ्या खानदानाचा प्रश्न असतो, हे त्यांना समजावून सांगावं लागत नसे. "अमेरिकन मालिकेत नायिका आईला न विचारता घर सोडते," एका मध्य आशियाई वाहिनीच्या बाई मला म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे प्रेक्षकाला पहिल्याच भागात तिचा राग येतो."

काबूलमध्ये तालिबानच्या पहिल्या राजवटीत दूरचित्रवाणीवर बंदीच होती. २००४ साली तोलो टीव्ही सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी 'क्योंकि सास भी कभी बहू थी'तली तुलसी विरानी दरी भाषेत बोलू लागली. तिथे मालिकेतल्या देवांच्या मूर्ती आणि बायकांच्या उघड्या कमरा धूसर केल्या जात. २००८ साली सरकारनं अशा भारतीय मालिका थांबवायचा हुकूम काढला तेव्हा वाहिनी अडून बसली. प्रेक्षक सोडायला ती तयार नव्हती. व्हिएतनाममध्ये 'बालिका वधू'नं घरोघर जागा मिळवली. इंडोनेशियात २०१३ सालचं 'महाभारत' इतकं चाललं, की त्यातल्या कलाकारांना तिथे बोलावून कार्यक्रम झाले. मुस्लिमबहुल देशात महाभारत चाललं याचं इथे अनेकांना नवल वाटलं. जावामध्ये वायांगच्या छायाबाहुल्या पांडवांची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांना वाटलं नाही.

आवड जुळली तरी माल लगेच चढत नाही. आमचा निम्मा वेळ या खटपटीत जायचा. डबिंगसाठी संवाद वेगळे आणि पार्श्वसंगीत, पावलं, भांडी, दार हे सगळं वेगळं असा एम अँड ई ट्रॅक लागतो. रोज रात्री उशिरा भाग संपवून दुसऱ्या दिवशी प्रक्षेपणाला देणाऱ्या आपल्या युनिटांना तो जपून ठेवायची सवय नव्हती. जुन्या मालिका घेऊन बसलं, की संवाद आणि संगीत एकात एक मिसळलेलं निघायचं आणि खरेदीदाराच्या साउंडवाल्याला सगळे आवाज नव्यानं भरावे लागायचे. संगीताच्या हक्कांचा घोळ त्याहून मोठा. मालिकेतल्या संगीत समारंभात गाजलेलं सिनेमाचं गाणं वाजवलेलं असतं, त्याचे हक्क भारतापुरते घेतलेले असतात. परदेशी द्यायचं तर गाणं काढून दुसरी धून बसवायची, आणि नाचणाऱ्यांची पावलं तिच्याशी जुळत नाहीत. शिवाय बावीस मिनिटांचे आमचे भाग त्यांच्या पाऊण तासाच्या वेळेत बसत नसत. मग दोनाचा एक करायचा, मागच्या भागाची उजळणी आणि तीन-तीनदा येणारे धक्का बसलेले चेहरे कापायचे. त्यांच्या संपादकांनी कापलेली आमची मालिका बघून आमच्याच लोकांना ती जास्त चांगली वाटायची.

आणि डबिंगचा खर्च. भाषा छोटी असेल तर मालिकेच्या दरापेक्षा डबिंगच महाग पडतं. म्हणून उत्तर युरोपातले देश फक्त तळाला अक्षरं देतात, आणि पोलंडमध्ये तर एकच पुरुष सगळ्या पात्रांचे संवाद सपाट आवाजात वाचून दाखवतो, मूळ आवाज मागे ऐकू येत राहतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे असह्य झालं होतं. तिथल्या प्रेक्षकाला त्याची सवय आहे आणि वाहिनीला ते परवडतं. काही देश हा खर्च स्वतःच उचलून माल पाठवतात. 'ओशिन' ही जपानी मालिका साठावर देशांत गेली, त्यातल्या कित्येक विकसनशील देशांना ती जपान फाउंडेशनच्या मदतीनं फुकट मिळाली होती. श्रीलंकेत ती सिंहलीत टायटस थोटावत्ते यांनी आणली. चीननं एक कौटुंबिक मालिका स्वाहिलीत डब करून २०११ साली टांझानियाच्या पडद्यावर आणली. अशा मालिकांशी दराची स्पर्धा करायची तर आमच्यासारख्यांनी काय करायचं? फुकटाच्या खाली जाता येत नाही. मग भाग किती आहेत, यावरच आमची मदार.

कोरियाची सुरुवातही दरातूनच झाली, हे आता त्यांच्या झगमगाटात कोणी बोलत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तैवानच्या वाहिन्यांना जपानी मालिका महाग पडू लागल्या, तेव्हा त्यांनी स्वस्तातल्या कोरियन मालिका घेऊन बघितल्या. प्रेम नंतर जमलं. हाच कोरिया १९९८ पर्यंत जपानी गाणी-सिनेमांना दार बंद करून बसला होता आणि त्यानंतर ते टप्प्याटप्प्यानं उघडत गेला. तोवर घरचा उद्योग पायावर उभा राहिला होता.

दार बंद करण्याचा हा अनुभव आम्हालाही वारंवार यायचा. श्रीलंकेनं परदेशी मालिकांवर जबर कर बसवला. पाकिस्तानात भारतीय कार्यक्रम कधी चालत, कधी थांबत. २०१६ साली उरीच्या हल्ल्यानंतर इकडेही पाकिस्तानी मालिका दाखवणाऱ्या वाहिनीनं त्या बंद केल्या. ढाक्यात त्याच वर्षाच्या अखेरीला कलाकार आणि तंत्रज्ञ डब केलेल्या परदेशी मालिकांविरुद्ध रस्त्यावर उतरले. तुर्की मालिकेतल्या, बंगालीत बोलणाऱ्या सुलतान सुलेमाननं तिथल्या संध्याकाळी ताब्यात घेतल्या होत्या. २०१८ साली एका मोठ्या अरब वाहिनीसमूहानं तुर्की मालिका अचानक थांबवल्या, त्यामागे मालिकांचा दोष काहीच नव्हता, दोन सरकारांचं बिनसलं होतं. विकणाऱ्याच्या खुर्चीतून असं काही ऐकलं, की पहिला विचार थकलेल्या हप्त्यांचा येतो. दुसरा विचार यायला मला वेळ लागला. ढाक्यातल्या कलाकारांचं गाऱ्हाणं आपल्या देशात नवं नाही. २०११ साली कोलकात्यात हिंदीतून बंगालीत डब केलेल्या 'महाभारत'विरुद्ध तिथल्या कलाकार-तंत्रज्ञांच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या, आणि प्रकरण स्पर्धा आयोगापासून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं असा दबाव स्पर्धेला मारक ठरवला. कायद्यानं ते योग्यच असेल. पण संध्याकाळी आठची वेळ एकदा डब मालिकेला गेली, की त्या शहरातला मेकअपमन, लाइटमन आणि संवादलेखक यांचं त्या तासाचं काम गेलं, हेही तितकंच खरं.

म्हणूनच बहुतेक देशांनी मधला रस्ता धरला. युरोपीय समुदायानं १९८९ साली नियम केला, की शक्य तिथे निम्म्याहून अधिक वेळ युरोपीय कार्यक्रमांना द्यावा. फ्रान्सनं तो साठ टक्क्यांवर नेला, त्यातले चाळीस फ्रेंच. आता मागणीनुसार बघण्याच्या सेवांनाही युरोपात तीस टक्के युरोपीय माल ठेवावा लागतो. चीननं २०१२ साली संध्याकाळी सात ते दहा परदेशी मालिकांना मज्जाव केला. टक्केवारीचा कायदा मात्र टेबलावर बसल्यावर गमतीदार दिसायचा. घरचा वाटा भरायला वाहिन्या पहाटे चर्चा, दुपारी स्वयंपाक आणि रात्री उशिरा जुने कार्यक्रम लावायच्या, आणि ज्या वेळेला माणसं खरोखर टीव्हीसमोर असतात ती वेळ आमच्याकडून घ्यायच्या. जिथे कायद्याबरोबर पैसाही दिला गेला, तिथेच घरचं नाटक उभं राहिलं.

आयात हा कायमचा आजार नसतो, हेही मी त्या टेबलांवरूनच बघितलं. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा रशियाकडे वाहिन्या होत्या, प्रेक्षक होते, पैसे नव्हते. 'श्रीमंतही रडतात' ही मेक्सिकन मालिका १९९१-९२ मध्ये तिथे लागली आणि वेळेला रस्ते ओस पडू लागले. नायिका व्हेरोनिका कास्त्रो मॉस्कोला गेली तेव्हा तिचं स्वागत राष्ट्रप्रमुखासारखं झालं. पुढे तेलाचा पैसा आला, जाहिराती वाढल्या. कोलंबियाच्या 'बेट्टी'ची कथा विकत घेऊन २००५ साली त्यांनी आपली मालिका केली. आपण तीच कथा २००३ साली 'जस्सी जैसी कोई नहीं' म्हणून केली होती. क्रम बहुतेक ठिकाणी असाच दिसतो: आधी टेप, मग कल्पना, मग स्वतःचं. तुर्कस्ताननं ऐंशीच्या दशकात ब्राझीलची 'इसाउरा' आणि अमेरिकेचं 'डॅलस' बघितलं. कानला माझ्या समोरच्या रांगेत त्याच तुर्कस्तानचे स्टॉल दर वर्षी वाढत गेले. त्यांचा एकेक भाग दोन-दोन तासांचा. परदेशी देताना त्याचे तीन करायचे. भाग किती, या प्रश्नाला त्यांनी शोधलेलं हे उत्तर बघून आमच्या सरांनी कपाळाला हात लावला होता.

सगळ्यांचं असं होत नाही. मॉरिशसला कोकणातून एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मजुरांचे वंशज आहेत, आणि तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीवर फ्रेंच, क्रिओल, भोजपुरी, हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू यांच्याबरोबर मराठीलाही जागा आहे. बारा-तेरा लाखांच्या बेटानं इतक्या भाषांत घरचं नाटक कसं बनवायचं? फ्रेंच फ्रान्सकडून येतं, हिंदी मुंबईकडून, मराठीही इकडूनच. तिथे आयात बंद करणं म्हणजे एकेका समाजाची भाषा पडद्यावरून पुसणं. भूतानमध्ये १९९९ साली दूरचित्रवाणी आली तेव्हा घरची थोडी आणि केबलवरची भारतीय पुष्कळ, असंच झालं. अशा देशांना स्वाभिमानाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मामींना आता मी उत्तर देऊ शकते. ती माणसं आपल्या मालिका बघतात, कारण त्यांच्या वाहिनीला तास भरायचे असतात, स्वतः बनवण्याएवढा पैसा तिथल्या जाहिरातींतून येत नाही, आणि जे स्वस्तात मिळतं त्यातलं आपलं त्यांना जवळचं वाटतं. यातलं पहिलं आणि दुसरं बदललं की तिसऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. आपली मालिका रात्री आठवरून दुपारी दोनला जाते आणि मग जातेच. अमुक मालिका इतक्या देशांत पोहोचली, अशी बातमी वाचून छाती फुगवण्याआधी ती तिथे किती वाजता लागते, एवढं विचारावं.

आणि एक प्रश्न आपल्यालाही विचारायला हवा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, जवळपास जर्मनीच्या लोकसंख्येइतके. प्रेक्षक कमी आहेत, ही सबब आपल्याला नाही. कमी आहे तो त्या प्रेक्षकामागे मिळणारा जाहिरातीचा पैसा, कारण जाहिरातदाराला ठाऊक आहे, की हा माणूस हिंदी मालिकेतही सापडतो. त्याच्यासाठी मराठीत वेगळं मोजायची गरज नाही. आमच्या धंद्याच्या हिशोबानं प्रेक्षकाची किंमत तेव्हाच वाढते, जेव्हा तो दुसरीकडे मिळत नाही. क्वेबेकला ती किंमत भाषेच्या भिंतीनं आपसूक मिळवून दिली. आपल्याकडे भिंत नाही, आणि ती बांधावी असं मला वाटतही नाही. मग ती किंमत मिळवायचा एकच मार्ग उरतो: मराठीत असं काही बनवायचं, जे बघायला मराठी माणसाला मराठीतच यावं लागेल.